भिंतीमागचं पाणी, भिंतीपुढचा पैसा

कोल्हापुरात पत्ता सांगताना रस्त्याचं नाव क्वचितच लागतं. 'अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून आत', 'ताराराणी पुतळ्याच्या अलीकडं', 'आईसाहेबांच्या पुतळ्यासमोर' एवढं म्हटलं की रिक्षावाला मीटर टाकतो. दुकानांच्या पाट्यांवर, बिलबुकांवर, लग्नपत्रिकांवर हेच पत्ते छापलेले असतात. रस्त्यावरच्या कलेनं इथल्या व्यापाराला सगळ्यात आधी दिली ती ही ओळख. गिऱ्हाईक चुकत नाही, निरोप चुकत नाही, आणि त्यासाठी कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत.

या ओळखीमागं माणसं आहेत. शिवाजी चौकात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. स्वातंत्र्यलढ्यात लोकांनी तो विद्रूप केला, आणि १९४५ साली तिथं बाबूराव पेंटरांनी घडवलेला शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. कावळा नाक्यावरची घोड्यावरची ताराराणी शिल्पकार रवींद्र मेस्त्रींनी घडवलेली. घोडा मागच्या पायांवर उठलेला दाखवायचा म्हणजे सगळा भार दोन घोट्यांतून चौथऱ्यात उतरवायचा. त्यासाठी आतला पोलादी सांगाडा काँक्रीटमध्ये खोल रुतवावा लागतो आणि पोकळ धातूच्या पोटात साचणारं पाणी बाहेर पडायला तळाशी बारीक भोकं ठेवावी लागतात. ही भोकं बुजली की आतला पोलाद गंजतो, फुगतो, आणि वरचा ब्राँझ सांध्यातून उकलायला लागतो. पुतळ्याला वर्षातून दोनदा हार घालणाऱ्यांनी एकदा ती भोकंही तपासावीत.

पण हे सगळं चौकाचं झालं. चौक सोडून आत शिरलं की पेठेतल्या बोळाला स्वतःचं असं काय आहे? वाढदिवसाचे फ्लेक्स, विजेचे मीटर, लावलेल्या दुचाक्या, आणि माव्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेला भिंतीचा खालचा हात-दीड हात. चित्रकार आबालाल रहमान यांनी ज्या गावाचा रंकाळा आणि कोटीतीर्थ रंगवलं, त्या गावात एकेकाळी प्रत्येक पेठेत बोर्ड रंगवणारा पेंटर होता. फ्लेक्सनं त्याचा ब्रश खाली ठेवला. म्हणून भिंतीवरच्या चित्राची गोष्ट मला सुशोभीकरणाची वाटत नाही, कामधंद्याची वाटते.

अंबाबाईला आलेल्या माणसाची वाट बघा. गाडी लावली, महाद्वारातून आत, ओटी, दर्शन, पेढे, जमलं तर चप्पल, परत गाडी. तो शहरात थांबतो तो तास-दोन तास, आणि त्याचा पैसा पडतो तो देवळाभोवतीच्या दोन-चार रस्त्यांवर. ताराबाई रोडनं रंकाळ्याकडं चालत निघालं तर फार वेळ लागत नाही, पण चालावं असं काही दिसलं तरच माणूस चालतो. वाटेत बघण्यासारखं असलं की तो थांबतो. एक तास वाढला की चहा-मिसळ आली, दोन तास वाढले की जेवण आलं, आणि 'आता रात्र झाली, उद्या सकाळी जाऊ' म्हटलं की लॉज, रिक्षा आणि गंगावेशीतलं सकाळचं दूधही आलं. चित्र स्वतः काही विकत नाही. ते माणसाचा वेळ वाढवतं आणि त्या वेळात तो खर्च करतो. म्हणूनच एक भलंमोठं चित्र एका जागी काढण्यापेक्षा चालत दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर सात-आठ लहान चित्रं काढलेली पेठेला जास्त लाभतात. पहिलं बघितल्यावर पुढचं दिसायला हवं, निदान त्याचा एखादा कोपरा तरी.

अरुंद बोळात तर मोठा चेहरा रंगवूच नये. बोळ दहा-बारा फुटांचा असेल तर तीस फुटी भिंत कुणालाच सरळ दिसत नाही, सगळे ती तिरकी बघत जातात. तिथं पट्टीसारखं, चालता चालता उलगडत जाणारं चित्र चालतं: कुस्तीचा एकेक डाव, किंवा चामडं कापण्यापासून वेणी घालण्यापर्यंत चप्पल कशी होते ते. उंच भिंतीवर वरचा भाग मुद्दाम थोडा मोठा काढावा लागतो, नाहीतर खालून बघताना डोकं लहान आणि पाय दांडगे दिसतात. अक्षरांसाठी बोर्ड पेंटरांचा जुना हिशेब पक्का आहे: दहा फूट अंतराला एक इंच उंची. देवनागरीत वेलांट्या-मात्रा असल्यानं मी त्यात निम्म्यानं वाढ करीन. साठ फुटांवरून वाचायची ओळ नऊ इंची.

आता भिंतीकडं येऊ, कारण बहुतेक चित्रं इथंच मरतात. रंग चांगला नव्हता असं लोक म्हणतात. खरं कारण बहुतेक वेळा भिंतीमागचं पाणी असतं.

कोल्हापुरात भिंत निवडताना पहिला प्रश्न पुराचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, बापट कॅम्प या बाजूच्या भिंतींवर पुराची रेघ कुठं होती हे तिथल्या कुणालाही विचारा, बोट ठेवून दाखवतील. त्या रेघेच्या खाली बारकाईचं चित्र काढू नये. खाली गेरूचा किंवा काळ्या दगडासारखा सपाट पट्टा ठेवावा, जो एका दिवसात परत मारता येतो, आणि चित्र रेघेच्या वर सुरू करावं. पेठेची इच्छा असेल तर ती रेघच चित्रात घ्यावी, तारखेसकट. पुढच्या वेळी कुणी नवं घर बांधेल तेव्हा ती कामाला येईल.

दुसरी तपासणी ओलाव्याची. दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावायचा आणि चोवीस तासांनी बघायचा. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल तर भिंत ओली आहे, बाहेरच्या बाजूला असेल तर हवेतला ओलावा. आत दव असताना रंगवायला सुरुवात करू नये, मग उद्घाटनाची तारीख कुणाचीही असो. ओलाव्याचं मूळ शोधावं: गच्चीच्या कोपऱ्यातली तुंबलेली नळी, मोरीचं फुटलेलं पाइप, भिंतीला टेकून साचलेली माती. पाइप बदलायला लागणारा खर्च हा चित्राचाच खर्च आहे. तो अंदाजपत्रकात नसेल तर ते अंदाजपत्रक अपुरं आहे.

मग भिंत ठोकून बघायची. बोटाच्या पेरानं किंवा नाण्यानं दर फुटाला एक टकोरा. भद्द आवाज आला की गिलावा सुटलेला आहे, तेवढा भाग काढून नवीन भरावा लागतो. नव्या सिमेंट गिलाव्याला किमान २८ दिवस द्यायचे. ताजा गिलावा फार क्षारी (अल्कधर्मी) असतो. त्यावर लगेच रंग चढवला तर रंगाला धरून ठेवणारं बंधक त्या क्षारानं कुजतं, पांढरा लोणा फुटतो आणि वर्षभरात चित्र पापुद्र्यांनी उतरतं. जुना चुना किंवा डिस्टेंपर असेल तर पत्र्यानं खरवडून, तारेच्या ब्रशनं घासून, पाणी मारून साफ करायचं. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून, दुसऱ्या दिवशी धुऊन, वाळू द्यायचं. वरून रंग फासून शेवाळ झाकलं तर ते आत वाढत राहतं आणि पहिल्याच पावसात डोकं वर काढतं.

पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या असतात. त्यांना सिमेंट आणि प्लॅस्टिकसारखे रंग मानवत नाहीत. चुना श्वास घेतो. त्यावर बंद थर बसला की आतला ओलावा अडकतो आणि गिलाव्यासकट रंग सुटतो. तिथं गाळलेल्या पातळ चुन्यात गेरू, पिवडी, नीळ कालवून पातळ तीन-चार हात द्यावेत. ते रंग फिके वाटतील, पण सुटणार नाहीत. आणि काळा दगड असेल तर रंग लावूच नये. बिंदू चौकाचे बुरूज, घाटावरची देवळं, भवानी मंडप यांचा दगड हीच तिथली कला आहे. दगडाच्या छिद्रांत शिरलेला अ‍ॅक्रिलिक रंग काढायला घासावं लागतं आणि घासताना दगडाची कातडी जाते. याबाबत मला तडजोड मान्य नाही.

रंगांची निवड वासावर किंवा डब्याच्या झाकणावर करू नये. बाहेरच्या भिंतीला बाहेरचंच अ‍ॅक्रिलिक इमल्शन. ऑइल पेंट चकचकीत दिसतो, पण भिंतीवर तो दोन-तीन वर्षांत तडकतो. उन्हात टिकतात ते मातीचे आणि लोखंडाचे रंग: गेरू, पिवळी माती, तपकिरी, शिवाय काळा, पांढरा, फ्थालो निळा आणि हिरवा. स्वस्त गुलाबी, जांभळा, नारिंगी पश्चिमेच्या भिंतीवर लवकर पांढुरके पडतात, आणि फ्लोरोसंट रंग तर काही महिन्यांत. चेहऱ्यावरचा लाल उडाला की माणूस आजारी दिसतो, म्हणून त्वचेचा रंग गेरूवरूनच बांधावा. स्टेनर (रंगाचा घट्ट अर्क) भरमसाट ओतून गडद छटा मिळवायची सवय वाईट. स्टेनर रंगाच्या चार-पाच टक्क्यांपुढं गेला की थर नीट वाळत नाही आणि हाताला रंग लागतो. पाणीही डब्यावर लिहिलंय तेवढंच. रंग पुरवून पुरवून पातळ केला की पुढच्या उन्हाळ्यात त्याची पावडर सुटते.

चाळीस फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीचा हिशेब करू. ४०० चौरस फूट. प्रायमरचा एक हात साधारण ४ ते ५ लिटर, पायाच्या रंगाचे दोन हात ८ लिटर, चित्रातले सगळे रंग मिळून ६-७ लिटर, वरचं मॅट क्लिअर कोट (बिनचमकीचा पारदर्शक थर) एका हाताला ४ ते ५ लिटर. चकचकीत क्लिअर घेऊ नये, रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप पडली की चित्र दिसत नाही. चित्र भिंतीवर उतरवायला चौकोनांची पद्धत अजूनही सगळ्यात भरवशाची: कागदावर एक इंच, भिंतीवर एक फूट, खडूचा दोरा ताणून मारायचा. प्रोजेक्टर वापरायचा तर रात्री, आणि समोर भिंतीइतकी तरी मागं जायला जागा हवी, जी पेठेत सहसा नसते. एक रेखाटणारा आणि दोन भरणारे असतील तर तयारीला तीन दिवस, रेखाटनाला एक, रंगाला पाच ते सहा.

दिवस कोणते? पावसाळा संपला तरी भिंती आतून वाळायला वेळ घेतात. दिवाळी उलटल्यावर ओलाव्याची परीक्षा घ्यावी आणि मार्चच्या आत काम उरकावं. एप्रिलमध्ये भिंत इतकी तापते की ब्रश टेकताच रंग वाळतो, एका हाताचे पट्टे दुसऱ्यावर दिसतात. आणि दुपारनंतर वळीव आला तर सकाळचं काम गटारीतून वाहून जातं.

आता पैशाकडं. पाण्यासारखाच पैसाही वाट शोधत बाहेर जातो, फरक इतकाच की त्याला आत अडवायचं असतं. एखाद्या भिंतीला शंभर रुपये मिळाले तर माझी वाटणी अशी: तीस भिंतीच्या तयारीला, चाळीस कारागिरांच्या मजुरीला, वीस रंग आणि परांचीला, दहा पुढच्या देखभालीला बाजूला. बाहेरून नावाजलेला कलाकार बोलावून सत्तर रुपये त्याला, त्याच्या प्रवासाला आणि हॉटेलला दिले तर भिंत सुंदर होईलही, पण पेठेच्या हाती फक्त भिंत राहील. शहरात कला शिकवणारं कलानिकेतन आहे, दळवीज आहे, तिथून शिकून बाहेर पडणारी मुलं आहेत, आणि हात बसलेले जुने बोर्ड पेंटर अजून आहेत. रेखाटन मुलांचं आणि हात पेंटरांचा अशी जोडी लावली की दोघंही शिकतात. नऊ-दहा दिवस परांचीवर असलेली माणसं गल्लीतच चहा पितात, गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून ब्रश-पॉलिश पेपर घेतात, परांचीचे बांबू जवळूनच येतात. हा पैशाचा पहिला फेरा, आणि तो पेठेतच फिरला पाहिजे.

कलेला भिंत आणि रंगच लागतो असंही नाही. कुंभारांचं काम गणपतीच्या आधी ओसंडून वाहतं आणि नंतर बराच काळ मंद असतं. नेमक्या त्या काळात भाजलेल्या मातीच्या फरशांचं उठावचित्र करून घेता येतं. नऊ इंची फरशी पाऊण इंच जाडीची, मागच्या बाजूला ओल्या मातीतच खोबण्या पाडलेल्या, म्हणजे चिकटवताना मसाला धरतो. माती वाळून-भाजून साधारण दहावा हिस्सा आटते, पण प्रत्येक मातीचं आटणं वेगळं. म्हणून आधी एका पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून ती पट्टी भाजायची आणि रेघ मोजायची. नऊ भरली तर सगळं चित्र त्या हिशेबानं मोठं काढायचं. फरशा सावलीत, उलटसुलट करत दहा-पंधरा दिवस वाळवायच्या. घाई करून उन्हात ठेवल्या की कडा वर उचलतात आणि भिंतीवर बसत नाहीत. बसवताना दोन फरशांत ३ मिलिमीटरची फट ठेवायची. भाजलेल्या मातीचा रंग उन्हानं उडत नाही, हे तिचं मोठं सुख.

आणि ज्या शहराच्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात एवढं ओतकाम होतं, तिथल्या पदपथावरची झाकणं कोरी का असावीत? गटाराच्या लोखंडी झाकणावर पेठेचं नाव, तालमीची खूण, कमळ, काहीही ओतता येतं. लाकडी पॅटर्नवर, म्हणजे वाळूत ठसा उमटवायच्या नमुन्यावर, नक्षी कोरायची, तिचा उठाव ४ ते ५ मिलिमीटर ठेवायचा म्हणजे पावसात पाय घसरत नाही. नक्षीच्या कडांना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा, नाहीतर पॅटर्न वाळूतून उचलताना साचा तुटतो. ओतलेलं लोखंड शेकडा एक आटतं, तेवढा पॅटर्न मोठा. पायी चालण्याच्या जागी अडीच टनी वर्गाचं झाकण पुरतं. गाडी चढणार असेल तर ते वापरू नये. आणि झाकणाला बिजागरी हवीच, कारण भंगाराच्या भावानं झाकण रात्रीत नाहीसं होतं आणि मागं उघडा खड्डा राहतो. एका पॅटर्नवरून शेकडो झाकणं निघतात, त्यामुळं नक्षीचा खर्च प्रत्येक झाकणामागं अगदी थोडा पडतो. पॅटर्न करणारा, साचा भरणारा, घासून साफ करणारा, सगळे गावातले.

फायदा झाला की नाही हे मोजताही येतं, आणि मोजावं. काम सुरू होण्याआधी दोन आठवडे आणि झाल्यावर तीन महिन्यांनी, त्याच वारी, त्याच वेळी, गल्लीच्या तोंडाशी बसून अर्धा तास माणसं मोजायची: किती गेली, किती थांबली. पाच-सहा दुकानदारांना रोजच्या बिलांचा फक्त आकडा लिहून ठेवायला सांगायचं, रक्कम नको. रक्कम कुणी खरी सांगत नाही. जवळचीच एक बिनचित्राची गल्लीही तशीच मोजायची, म्हणजे वाढ चित्रामुळं की सगळीकडंच, ते कळतं. नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा आणि सुट्ट्यांचे दिवस हिशेबातून वगळायचे. आकडे पडले तर तेही मांडायचे. कचरा टाकायची जागा चित्रानं बंद झाली असं सांगताना पन्नास पावलांवर नवा ढीग पडलाय का तेही बघायचं. बऱ्याचदा पडलेला असतो, आणि मग आधी घंटागाडीची वेळ ठरवायला हवी होती हे लक्षात येतं.

भिंत कुणाची, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो आणि तो सगळ्यात आधी विचारायला हवा. मालकाची लेखी परवानगी, त्यात वर्षं किती ते; वर फ्लेक्स लावू न देण्याची कबुली; पाइप-मीटरचं काम निघालं तर कुणाला कळवायचं ते. विषय ठरवताना गल्लीतल्या बायकांना बोलवावं, कारण दिवसभर ती भिंत त्याच बघतात. पेठेपेठेतल्या फुटबॉल संघांचे रंगही ध्यानात ठेवावेत. चुकून दुसऱ्या पेठेच्या संघाचा पट्टा भिंतीवर उमटला तर ते चित्र आठवडाभर टिकणार नाही.

राखण तालमीकडं द्यावी. तालमीचा कट्टा कधी रिकामा नसतो, तिथली पोरं गल्लीतला प्रत्येक माणूस ओळखतात, आणि आपल्या तालमीच्या नावाखालच्या भिंतीवर थुंकायची हिंमत सहसा कुणी करत नाही. दरवर्षी पाऊस सरला की नवरात्राच्या आधी भिंत साध्या पाण्यानं आणि मऊ झाडूनं धुवायची, सोलवटलेले डाग बघायचे, खालचा गेरूचा पट्टा एक हात परत मारायचा. क्लिअर कोट तीन-चार वर्षांनी पुन्हा. डागडुजीसाठी चित्रातल्या प्रत्येक रंगाचा अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या बरणीत तालमीच्या जिन्याखाली, उन्हापासून लांब ठेवायचा. बरणीवर कागद चिकटवू नये, ओलीनं तो सुटतो. झाकणावर ऑइल पेंटनं लिहावं: रंगाचा नंबर, कंपनी, कुठल्या भिंतीचा, कोणत्या महिन्यात मारला, आणि ज्यानं मारला त्याचं नाव.